तेलाने बिघडलेली माती : धुवायची की जगवायची?



रेडिओवरच्या आपल्या शेती कार्यक्रमात मागे एकदा शेतात सांडणाऱ्या तेलाबद्दल दोन शब्द बोललो होतो. त्यानंतर कापडे भागातले एक शेतकरी मुद्दाम भेटायला आले. फाल्गुनात त्यांच्या खाचराच्या वरच्या अंगाला ट्रक कलंडला. टाकी फुटली आणि डिझेल बांधावरून खाली उतरले. ते म्हणाले, "साहेब, कोणी म्हणतं धुण्याची पावडर टाकून पंपाने धुऊन काढ. कोणी म्हणतं ब्लीचिंग मार. कोणी म्हणतं राब भाजतो तसं भाजून टाक. मिरग तर तीन महिन्यांवर आला. मी करू काय?"

रेडिओवर पाच-दहा मिनिटांत या प्रश्नाचे पुरे उत्तर देता येत नाही. म्हणून हा कागद काढला आहे. वाचून झाल्यावर शेजाऱ्यालाही द्यावा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. तेलाने जमीन आजारी पडते. पण आजार हटवायच्या घाईत भलते रसायन ओतले तर ती मरते. आजारी जमीन दुरुस्त करता येते, मेलेली जमीन पुन्हा उभी करायला फार दिवस लागतात.

हा प्रश्न आपल्याकडे का येतो?

आपला मुलूख उताराचा. मुंबई-गोवा महामार्ग आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता, दोन्ही पोलादपूर तालुक्यातून जातात. घाटात वाहन कलंडले की डिझेल, ऑइल जे काही असेल ते खाली उतरते, आणि खाली आपली खाचरे. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात, तिथून वहाळात आणि वहाळातून सावित्रीत जाते. म्हणजे एकाच्या शेतात सांडलेले तेल एकाचेच राहत नाही.

शिवाय घरचे तेलही आहे. इंजिनाचे आणि पॉवर टिलरचे जळके ऑइल बदलल्यावर बरेच जण ते बांधावर ओततात. पुराचे पाणी गॅरेजांमधून, दुकानांमधून फिरून शेतात शिरते तेव्हा त्यावरही तेलाचा तवंग असतो. महाड-पोलादपूरच्या माणसांना जुलै २०२१ च्या पुरानंतर हे वेगळे सांगायला नको.

मातीत राहते तरी कोण?

आपण माती म्हणतो ती नुसती धूळ नव्हे. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला बुरशी, शेवाळ, डोळ्यांना न दिसणारे किडे आणि मग गांडूळ. ही सगळी आपली बिनपगारी गडीमाणसे आहेत.

कोणी पाला-पाचोळा कुजवतो. कोणी शेणखतातले नत्र पिकाला घेता येईल असे करून देतो. वालाच्या मुळावर ज्या गाठी दिसतात त्यांत राहणारे जिवाणू हवेतले नत्र धरतात. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर जे निळे-हिरवे शेवाळ येते, तेही हेच काम करते. गांडूळ माती पोखरून हवा आणि पाण्याला वाट करून देतो. युरियाची गोणी आणली, पण मातीत ही माणसे नसली, तर खत द्यावे तसा गुण येत नाही.

तेल पडल्यावर काय होते?

तेल मातीच्या कणांना लपेटून बसते. पाणी घातले तर थेंब वर तसाच थांबतो, आत जिरत नाही. मातीतल्या हवेच्या वाटा बुजतात. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतो, त्या कातडीला तेल लागले की तो पळतो किंवा मरतो. नत्राचे काम करणारे काही जिवाणू फार नाजूक असतात, ते आधी जातात. बी रुजत नाही, रुजले तर रोप पिवळे राहते.

पण याच मातीत काही जिवाणू असे आहेत की ज्यांना तेल हे खाणेच आहे. आपल्या प्रत्येक खाचरात ते थोडेफार असतातच. तेल पडले की त्यांची संख्या वाढू लागते. तेल म्हणजे बहुतेक कर्ब. तो खायचा तर त्यांना सोबत नत्र आणि स्फुरद लागते, हवा लागते, ओलावा लागतो. तेलात नत्र-स्फुरद जवळजवळ नसतेच. म्हणून हे जिवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि पिकाला उपाशी ठेवतात. तेल पडलेल्या शेतातले रोप पिवळे दिसते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

सगळी तेले सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. पेट्रोल बरेचसे उडून जाते. डिझेलचा काही भाग उडतो, उरलेला जिवाणू काही महिन्यांत खातात. भट्टीचे जाड तेल आणि डांबर वर्षानुवर्षे राहते. इंजिनाच्या जळक्या ऑइलमध्ये तर धातूंचा अंश असतो, आणि धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही.

रसायनाने धुतले तर?

आता लोक जे उपाय सांगतात ते एकेक करून पाहू.

*धुण्याची पावडर :* हिने हात स्वच्छ होतात, म्हणून शेतही होईल असे वाटते. पावडरीमुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्याबरोबर चालू लागतात. वरची माती स्वच्छ दिसते खरी, पण तेल गेले कुठे? खाली विहिरीच्या झऱ्याकडे आणि शेजाऱ्याच्या खाचरात. जी पावडर तेलाचे कवच फोडते तीच जिवाणूच्या अंगावरचे कवचही फोडते. गांडुळाच्या अंगावरचा चिकट ओलावा ती काढून टाकते. पावडरीतल्या सोड्याने मातीची ढेकळे मोडून चिखल घट्ट बसतो, तो तोटा वेगळाच.

*ब्लीचिंग पावडर :* पाण्यातले रोगजंतू मारायला आपण ती वापरतो. मग मातीतले जिवाणू ती सोडील का? त्यात हिचा क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय पदार्थांशी मिळून नवीन विषारी पदार्थ तयार होऊ शकतात. आणि डिझेलवर कोरडी ब्लीचिंग पावडर पडली तर पेटही घेऊ शकते. हा उपाय अजिबात करू नये.

*रॉकेलने धुणे :* हे म्हणजे तेलावर तेल. याने काहीच साधत नाही.

*भाजणे :* राब भाजताना आपण शेण, पालापाचोळा थरावर थर रचून वरचेवर भाजतो. तेल मुरलेल्या मातीचे तसे नाही. आग कुठवर जाईल याचा भरवसा नाही. धूर वाईट, वरच्या थरातला जीव आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही जळतात, आणि जाड तेलाचे खडे बनून राहतात.

*कारखान्याची रसायने :* मोठ्या गळतीच्या जागी इंजिनियर लोक हायड्रोजन पेरॉक्साइड, परसल्फेट किंवा पोटॅशियम परमँगनेट (विहिरीत टाकतात ते जांभळे औषध) मातीत सोडतात. ही रसायने तेल अक्षरशः जाळून टाकतात, पण धुराशिवाय. काम झटपट होते. मात्र ती तेल कोणते आणि जिवाणू कोणता हे ओळखत नाहीत. मातीतला सेंद्रिय कर्बही त्यातच जातो. परसल्फेटने माती आंबट होते, आणि आपली तांबडी माती तर मुळातच आंबट. अशा उपचारानंतर जिवाणूंची संख्या एकदम खाली येते. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ती पुन्हा वाढते, हे खरे आहे. पण जे परत येतात ते सगळे पूर्वीचे नसतात, त्यांतले प्रकार कमी झालेले असतात, आणि नत्राचे काम करणारे नाजूक जिवाणू उशिरा येतात. म्हणून जाणकार लोक आता मात्रा कमी ठेवून आधी थोडे रसायन वापरतात आणि उरलेले काम जिवाणूंवर सोपवतात. हे तपासणी करून करायचे काम आहे, घरी बादलीत कालवून करायचे नव्हे.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकातले ज्ञान म्हणून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका तालुक्यात असेच डिझेल सांडले होते. शेतकऱ्याने विचारले, "साहेब, पावडरीने धुऊ का?" पदवी घेऊन नुकताच आलो होतो, माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "धुवा, हरकत नाही."

त्याने दिवसभर पंप लावून धुतले. संध्याकाळी वास गेला, माती उजळ दिसली, आम्ही दोघेही खूश. चार दिवसांनी गेलो तर खाचरात पांढरी पडलेली मेलेली गांडुळे. पाऊस पडल्यावर खालच्या खाचरात तवंग आला, ते खाचर त्याच्या चुलत्याचे. त्या वर्षी दोघांचेही भात धड आले नाही आणि दोन घरांत बोलाचाल बंद झाली. दोष तेलाचा जेवढा, तेवढाच माझ्या सल्ल्याचा. तेव्हापासून या विषयावर विचारल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय मी बोलत नाही.

जगाला हा धडा कसा मिळाला

असे चुकणारा मी एकटा नाही. १८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅन्यन' नावाचे तेलवाहू जहाज खडकावर चढले. लाखभर टनांहून अधिक कच्चे तेल त्यात होते. किनारा स्वच्छ करायला सरकारने हजारो टन साबणी रसायने फवारली. पुढे शास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा दिसले की खडकांवरचे शंख-शिंपले तेलापेक्षा त्या रसायनांनीच जास्त मेले. जिथे रसायन मारले नव्हते तिथला जीव दोन-तीन वर्षांत सावरला. जिथे भरपूर मारले होते तिथे दहा वर्षे आणि त्याहून जास्त लागली. ती गोष्ट खडकाची आहे, शेताची नव्हे. पण स्वच्छ दिसणे वेगळे आणि जिवंत असणे वेगळे, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

आपल्याजवळचे उदाहरण पाहा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात गेले आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यालाही लागले. त्या वेळी किनाऱ्याच्या सफाईत 'ऑइलझॅपर' नावाची पूड वापरली गेली. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने ती तयार केली आहे. तिच्यात आहे काय? तेल खाणारे पाच जातींचे जिवाणू, आणि त्यांना बसवायला मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाची पूड! देशातल्या तेलविहिरींच्या भागातही ती वापरली गेली आहे. म्हणजे तेल कंपन्यांनासुद्धा शेवटी जिवाणूंच्याच दाराशी जावे लागले.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत काम करणारे आपले बंगाली शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा एक जिवाणू प्रयोगशाळेत घडवला. त्याच्या हक्काचा खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. खटला जगभर गाजला. शेतात मात्र आपल्याला तसा मुद्दाम घडवलेला जिवाणू लागत नाही. खाचरातलेच जिवाणू पुरे पडतात, त्यांना फक्त हवा, ओल आणि खाणे द्यायचे.

मग करायचे काय?

पहिल्या दिवशी :

१. जवळ विडी, काडी, चूल काही नको. टँकरमध्ये काय आहे ते माहीत नसेल तर जवळच जाऊ नये. पोलिसांना ११२ वर कळवावे.

२. तेलाच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालावा. मोरी बुजवावी. वहाळ आणि विहीर आधी वाचवावी.

३. साचलेल्या तेलावर भाताचे तूस, लाकडाचा भुसा, पेंढा पसरावा आणि तेल प्यायलेला माल गोळा करून वेगळा ठेवावा. पाणी मारू नये.

४. तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना बोलावून पंचनामा करून घ्यावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही कळवावे. फोटो काढावेत. तेलकट मातीचा आणि शेजारच्या चांगल्या मातीचा, असे दोन्ही नमुने घ्यावेत. तेल ज्याने सांडले त्याने भरपाई द्यावी असा कायदा आहे. पण पुरावा नसेल तर कायदा काय करणार?

पुढच्या महिन्यांत :

५. ज्या मातीत तेल मुरून ती काळी, चिकट झाली आहे ती खरवडून काढावी. उंच जागी, विहिरीपासून लांब, ताडपत्रीवर तिचा गुडघाभर ढीग करावा. चार घमेली मातीला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धे घमेले पेंढ्याचा भुगा मिसळावा. पावसाळ्यात ढीग झाकून ठेवावा.

६. खाचरात उरलेल्या मातीत गुंठ्याला दोन ते अडीच क्विंटल शेणखत आणि एक किलो युरिया मिसळावा. युरिया पुढे तीन-तीन आठवड्यांनी तेवढाच, दोन-तीन वेळा द्यावा. एकदम जास्त टाकू नये, त्यानेही जिवाणू मरतात.

७. दर पंधरा दिवसांनी माती उलटीपालटी करावी. हवा मिळाली की जिवाणू जोमात येतात. ढिगाचेही तसेच.

८. ओल वाफशाची ठेवावी. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण पाणी निथळू नये.

९. माती परीक्षणात सामू फार खाली आला तर सल्ल्याप्रमाणे चुना द्यावा. फार आंबट मातीत हे जिवाणू सुस्तावतात.

१०. त्या खाचरात पहिल्या पावसाळ्यात भात लावू नये. साचलेल्या पाण्यात हवा जात नाही आणि तेल कुजणे मंदावते. त्याऐवजी धैंचा टाकून तो गाडावा. गिरिपुष्पाचा पाला असेल तर तोही घालावा.

हा दहावा मुद्दा लिहिताना हात अडखळतो. एका खाचराचे भात सोडणे म्हणजे घरातले किती महिन्यांचे तांदूळ जातात, हे मला माहीत आहे. पण एक हंगाम सोडला तर जमीन राहते. घाईने धुऊन लावले तर तोही हंगाम जातो आणि पुढचेही बिघडतात. पंचनामा वेळेवर करा म्हणतो ते याचसाठी. गेलेल्या हंगामाची भरपाई मागायला तोच कागद लागतो.

हे काम स्वतः करू नये

तेल विहिरीच्या अगदी जवळ मुरले असेल, ट्रान्सफॉर्मरचे तेल असेल, टँकरमध्ये दुसरेच रसायन असेल किंवा जळके ऑइल वर्षानुवर्षे ओतून माती काळी पडली असेल, तर वरचा घरगुती उपाय पुरत नाही. अशा वेळी माती काढून शासनमान्य ठिकाणी न्यावी लागते, किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रसायनाचा उपचार करावा लागतो. असा उपचार झाला तर काम संपले असे समजू नये. त्यानंतर सामू तपासून घ्यावा, शेणखत, कंपोस्ट आणि शेजारच्या चांगल्या शेतातली थोडी माती विरजणासारखी घालावी. दूध तापवल्यावर विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसेच हे.

जमीन सुधारली हे कसे ओळखावे?

वासावर आणि रंगावर विश्वास ठेवू नये. या चार परीक्षा घरच्या घरी कराव्यात :

*थेंबाची परीक्षा :* कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडावा. लगेच जिरला तर चांगले. मोत्यासारखा थांबला तर तेल अजून आहे.

*बियाची परीक्षा :* एका कुंडीत ही माती, दुसरीत चांगली माती. दोन्हींत वीस-वीस दाणे मुगाचे टाकावेत. उगवण आणि रोपांची उंची दोन्हीकडे जवळपास सारखी हवी.

*फडक्याची परीक्षा :* जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे घेऊन दोन्ही शेतांत वीतभर खोल पुरावेत. दोन महिन्यांनी काढावेत. जिवंत मातीत फडके कुजून जाळीसारखे होते. मेलेल्या मातीत ते जसेच्या तसे निघते.

*गांडुळाची परीक्षा :* पावसाळ्यात फावडेभर माती उकरून पाहावी. गांडूळ आपल्या पायांनी परत आला, तर त्याच्यासारखे प्रमाणपत्र दुसरे नाही. (त्याला पाय नसतात, पण अर्थ कळला असेल!)

या परीक्षांत जमीन उतरली तरी भात लावण्यापूर्वी मातीचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जळके ऑइल पडले असेल तर धातूंसाठी तपासायला सांगावे.

जाता जाता

कापड्याच्या त्या शेतकऱ्यांनी शेवटी पावडर टाकली नाही. काळी माती खरवडून ढीग केला, शेणखत मिसळले आणि खाचरात या पावसाळ्यात धैंचा टाकायचे ठरवले. त्यांची बायको म्हणाली, "आजारी माणसाला आपण घासूनपुसून बरं करतो का? पेज देतो, पडू देतो. तसंच ना हे?" एवढ्या पानांत मला जे सांगता आले नाही ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले.

इंजिनाचे जळके ऑइल बांधावर ओतायची सवय असेल तर आजपासून सोडा. डब्यात साठवा आणि गॅरेजवाल्याकडे पोचवा. शेतात न सांडलेले तेल काढावे लागत नाही, याहून स्वस्त उपाय नाही.

काही अडचण आली तर आपल्या कृषी सहायकांना विचारा, किंवा कार्यक्रमाला पोस्टकार्ड टाका. पत्रात गावाचे नाव, तेल कोणते, किती दिवस झाले आणि जमीन भाताची की वरकस, एवढे जरूर लिहा.